खोपोलीचा कडा करपा

भाताच्या पानाची कड शेंड्याकडून पिवळी पडते, पट्टा नागमोडी वळणं घेत खाली उतरतो आणि पान पेंढ्यासारखं वाळतं. १९५१ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या शेतांत हे दिसलं आणि भारतातल्या भातावरच्या जिवाणूजन्य करप्याची पहिली नोंद या गावाच्या नावावर लागली. जपानच्या फुकुओका भागात हा रोग १८८४ पासून माहीत होता. आपल्याकडे शेतकरी त्याला कडा करपा म्हणतात.

खोपोलीपासून रेल्वेने जेमतेम पंधरा किलोमीटरवरच्या कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र होतं. भिडे आणि भालेराव यांचा उत्तर कोकणातल्या कोळंबा भाताच्या निवडीवरचा अभ्यास १९२७ साली छापून आला. चांगल्या लोंब्या वेचायच्या, त्यांचं बी वेगळं वाढवायचं, अशी ती निवड पद्धत. तिचा भर उत्पन्नावर आणि दाण्यावर होता. खोपोलीत दिसलेला शत्रू मात्र डोळ्यांना न दिसणारा होता.

त्याची ओळख शास्त्रीय नियतकालिकात छापून यायला १९५९ उजाडलं. 'करंट सायन्स'मधल्या त्या लेखाखाली श्रीनिवासन, थिरुमलाचार आणि पटेल अशी नावं आहेत. यातले एम. के. पटेल हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले. वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांचा अभ्यास भारतात रुजवणाऱ्यांत त्यांचं स्थान फार वरचं.

हा रोग ओळखण्याची एक साधी रीत आहे. रोगट पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरायचा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधट धागा पाण्यात उतरू लागतो. तो धागा म्हणजे पानाच्या नसांत कोंडलेले असंख्य जिवाणू. पानाच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून किंवा जखमेतून ते आत शिरतात. लावणीच्या वेळी आवणाचे शेंडे छाटले, तर आपणच त्यांना दार उघडून देतो. वारा-पावसाचा मारा रोग शेतभर पसरवतो आणि युरियाचा हात सैल सुटला की तो आणखी बळावतो. घाटाच्या पायथ्याच्या कर्जत-खालापुरात पावसाला तोटा नाही, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याच्या हाती उरतं ते खताचं प्रमाण आणि बियाणं. १९६३ साली बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा त्याची ताकद साऱ्या देशाला कळली.

हा जिवाणू माणसाला आजारी पाडत नाही. तरीही त्याच्यावरचा उपाय थेट माणसाच्या दवाखान्यापर्यंत पोचला. थिरुमलाचार यांनी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये माणसांच्या बुरशीजन्य रोगांवरचं हॅमायसिन आणि पिकांच्या बुरशीवरचं ऑरिओफंजिन या दोन्ही प्रतिजैविकांवर काम केलं. त्याच कारखान्याच्या स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर आली. तिच्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोग्याला टोचायचं औषध तांब्याच्या बुरशीनाशकाबरोबर पंपात मिसळून खाचरांत फवारलं जाऊ लागलं.

पिकावरचा रोग हटवायला माणसाचं औषध खर्ची घालणं हा महागडा सौदा होता. शेतात वारंवार पडणाऱ्या प्रतिजैविकाला माती-पाण्यातले जिवाणू सरावतात आणि ती प्रतिकारशक्ती माणसाला ग्रासणाऱ्या जिवाणूंकडेही जाऊ शकते. क्षयरोगावरची मोजकी औषधं जपणाऱ्या देशात हा धोका गंभीरच मानायला हवा. १७ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय कृषी मंत्रालयाने स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या मिश्रणावर बंदीचा मसुदा काढला. त्यात शेतीतला वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण थांबवण्याचा प्रस्ताव होता.

दरम्यान संशोधकांनी बियाण्यातूनच वाट काढली. माली देशातल्या जंगली भाताचं 'एक्सए २१' हे रोगप्रतिकारक जनुक आणि त्याच्या जोडीला आणखी दोन जनुकं सांबा मसुरीत उतरवून हैदराबादच्या दोन संस्थांनी २००८ साली सुधारित वाण दिलं. त्या वाणाला कडा करप्यासाठी प्रतिजैविकाची फवारणी लागत नाही.