हेरकथेत नसलेली एलन

शेरलॉक होम्सची ‘द व्हॅली ऑफ फिअर’ ही कादंबरी १९१४ पासून मासिकात क्रमशः आली. खासगी गुप्तहेर नाव बदलून खुनी टोळीत शिरतो, त्यांच्यातलाच होतो आणि त्यांना पकडून देतो. वाचताना आम्ही त्याच्याच बाजूचे होतो.

गोष्टीचं मूळ खरं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत आयरिश मजुरांची ‘मॉली मॅग्वायर’ नावाची गुप्त टोळी खाणवाल्यांचे खून पाडते, असा आरोप होता. १८७३ साली पिंकर्टन कंपनीचा जेम्स मॅकपार्लंड त्यांच्यात घुसला. त्याला नेमलं कुणी? खाणी ताब्यात असलेल्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष गोवेन यानं. पुढे कोर्टात सरकारी बाजूनं उभा राहिला, तोही गोवेनच! एकूण वीस जण फासावर गेले.

त्याआधी, डिसेंबर १८७५ मध्ये, तोंड झाकलेले लोक रात्री एका घरात घुसले. संशय होता घरातल्या पुरुषांवर. गोळी एलन मॅकॲलिस्टरलाही लागली. ती गेली. खुद्द मॅकपार्लंडनं चिडून राजीनाम्याची भाषा केली. शिक्षा कुणालाच झाली नाही. कादंबरीत एलन नाही.

एलनची बहीण मेरी ॲन. तिचा नवरा जॅक केहो १८७८ मध्ये फाशी गेला. त्याला राज्यपालांनी माफी दिली १९७९ साली.