ग्लॉसोप्टेरिस (विदर्भातील)

खंडविप्लवाचा, म्हणजे भूखंडे सरकत एकमेकांपासून दूर गेल्याचा, वनस्पति-जीवाश्मांतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा. पर्मियन काळातील (सु. ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) या नामशेष झालेल्या बीजधारी वृक्षांची पाने भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका येथील खडकांत आढळतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदॉल्फ ब्राँन्यार यांनी १८२८ मध्ये हे नाव दिले.

पान जिभेसारखे लांबट असते. मधोमध ठसठशीत शीर, आणि तिच्यापासून कडांपर्यंत तिरप्या, एकमेकींना मिळत गेलेल्या बारीक शिरांचे जाळे. साध्या भिंगातूनही हे जाळे स्पष्ट दिसते आणि पानाची ओळख मुख्यतः त्यावरूनच पटते. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा बहुतांशी याच काळातील वनराईचा आहे.

नागपूर-कामठी भागातील हे जीवाश्म अभ्यासकांपुढे आणले ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांच्या संग्रहाचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. भूखंडे सरकतात ही कल्पना तेव्हा मान्य झालेली नव्हती; पुरावा मात्र गोळा होऊ लागला होता.

भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये गोंडांच्या प्रदेशावरून या खडकांना ‘गोंडवन’ म्हटले. त्यावरून एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये ‘गोंडवनभूमी’ची कल्पना मांडली. त्यांच्या मते भूखंडांना जोडणारी जमीन पुढे समुद्रात बुडाली. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये वेगळे उत्तर दिले: जमीन बुडाली नाही, भूखंडेच दूर गेली. या वनस्पतीची बिया वाहणारी अवयवरचना एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून उजेडात आणली. या वृक्षांच्या बिया वाऱ्याने महासागर ओलांडतील, हे पटणारे नाही.

नुसत्या पानांवरून मात्र झ्यूस आणि वेगेनर यांच्यात निवाडा होत नाही, कारण जमिनीच्या पुलानेही त्यांचा प्रसार समजावता येतो. येथे चंद्रपूरजवळच्या इरईचा पुरावा मोलाचा ठरतो. तेथील जुन्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेले समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर तालचेर माला या खडकथरांतील गोटे साचले आहेत. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये या ओरखड्यांची नोंद केली. पाने सापडतात त्या थरांच्या खालचा हा हिमानी थर. आज उन्हाने भाजणाऱ्या चंद्रपुरात एकेकाळी हिमनदी होती. पूल बुडाल्याने याचा उलगडा होत नाही. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता, असे मानले की बर्फ आणि वनराई दोन्हींचा मेळ बसतो.

अंटार्क्टिकातूनही असा पुरावा मिळाला. दक्षिण ध्रुवाहून परतताना मृत्यू पावलेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या पथकाजवळ १९१२ मध्ये सुमारे १६ किलो दगड सापडले; त्यांत अंटार्क्टिकातील ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. बंगालमधील राणीगंज भागात सापडणाऱ्या लिस्ट्रोसॉरस या भूचर प्राण्याची हाडेही १९६९ मध्ये अंटार्क्टिकात मिळाली.