तळटीप १७ : गाबा आणि अपस्मार

मेंदूचा ‘ब्रेक’ म्हणजे येथे गाबा हे रसायन. ते चेतापेशीत क्लोराइड शिरू देऊन तिला आवरते. (नवजात पिल्लांत गाबा उलट चेतवते, तेवढी लेखकाची उपमा तोकडी.) पेंटिलिनटेट्राझोल टोचून क्लोराइडची ही वाट अडवली, की निरोगी उंदरालाही आकडी येते; डायझेपाम तीच वाट अधिक वेळा उघडते. पिलोकार्पिनच्या प्रयोगात गोष्ट संथ चालते: पहिल्या दीर्घ झटक्यात हिप्पोकॅम्पसमधल्या काही गाबा-पेशी मरतात आणि पुढे काही आठवड्यांनी आकडी आपोआप येऊ लागते. उंदरावरून थेट माणसाकडे उडी मारू नये. त्या दृष्टीने दिल्लीचे एम्स आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र यांचे संयुक्त काम मोलाचे. तेथे अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतीही तपासल्या जातात. – संपा.