बाभळीची साल आणि तीन साखळ्या

आमचे आजोबा कोल्हापुरात कातडी कमवायचे. चुन्यात भिजवून केस उतरवलेल्या कातड्याची पिशवी शिवून टांगायची, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी ओतायचं. झिरपलेलं खाली जमलं की पुन्हा वर ओतायचं. असे दिवसच्या दिवस. वास तर विचारू नका. "रस मुरला की कातडं सडत नाही," एवढंच ते सांगत.

का सडत नाही, याचा धागा १९५४ साली मद्रासला हाती लागला. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या शास्त्रज्ञांनी कोलॅजेनची, म्हणजे कातड्यातल्या मुख्य प्रथिनाची, रचना मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवरून! तीन साखळ्या वेणीसारख्या गुंफलेल्या. दर तिसऱ्या जागी ग्लायसिन, सर्वांत लहान अमिनो आम्ल, म्हणून त्या इतक्या खेटून बसतात. त्यांना धरून ठेवतात हायड्रोजन बंध. एकेक दुबळा, पण असंख्य. सालीतलं टॅनिन अशाच बंधांनी कोलॅजेनला चिकटतं आणि शेजारचे धागे सांधतं, म्हणून कातडं सहजी सडत नाही. कच्चं कातडं साधारण ६५ अंशांना आकसतं, असं कमावलेलं ७५च्या पुढेही टिकतं.

अशाच कातड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात निम्मा वाटा कातडी कमावणाऱ्या ढोर समाजाचा आहे, असं मी म्हणेन.