बनावट चलन बाळगणे व वापरणे
भारतात हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेखाली येतो. त्याआधी नोटांसाठी भारतीय दंड संहितेची ४८९-ख व ४८९-ग ही कलमे लागू होती. खोटी नोट किंवा नाणे खरे म्हणून चालवणे, विकणे वा स्वीकारणे यासाठी कलम १७९ नुसार जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद व दंड; नुसते बाळगण्यासाठी कलम १८० नुसार ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. बाळगताना ती खरी म्हणून खपवण्याचा इरादाही हवा.

खरा वाद मात्र जाणिवेचा. नोट खोटी असल्याचे आरोपीला ठाऊक होते, किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सरकार पक्षाने सिद्ध करावे लागते. उमाशंकर विरुद्ध छत्तीसगढ राज्य (२००१) या खटल्यात दुकानात १०० रुपयांची खोटी नोट देणारा तरुण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात सुटला. नव्या संहितेने चलन कायदेशीर मार्गाने हाती आल्याचे दाखवणाऱ्याला स्पष्ट संरक्षण दिले. ते आधीच असायला हवे होते.

बँक खोटी नोट परत करत नाही, शिक्का मारून जप्त करते व पावती देते. एकाच व्यवहारात अशा पाच किंवा अधिक नोटा आढळल्यास पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो.