हापूस अमेरिकेत पोचला तो असा

रत्नागिरी-देवगडकडच्या एखाद्या नातेवाइकाने तुम्हालाही कधीतरी विचारलं असेल, “आपल्या बागेतला आंबा तिकडे पाठवायला लागू का?” उत्तर देण्याआधी हापूसचा इथवरचा इतिहास डोळ्यांखालून घाला.

१९८९ पासून भारतीय आंब्याला अमेरिकेत बंदी होती. फळमाशी आणि कोयीत लपणारा भुंगा इथल्या बागांत शिरेल, ही धास्ती. तुमच्यापैकी जे तेव्हा इथे आले, त्यांनी आमरस डब्यातलाच खाल्ला. प्रक्रिया केलेल्या रसाला अडकाठी नव्हती. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या दिल्ली भेटीत विषय मार्गी लागला आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या.

मधल्या वर्षात बागा बदलल्या नाहीत, झाडंही तीच. तयार करावं लागलं ते बाकीचं सगळं. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला कांद्यासाठी विकिरण केंद्र उभारलं होतं. त्याला अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळवली. म्हणजे कोकणातला आंबा आधी नाशिक जिल्ह्यात जायचा, तिथे गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा घ्यायचा आणि मग मुंबईच्या विमानतळावर यायचा. देखरेखीला अमेरिकी निरीक्षक हवाच, आणि त्याचा खर्च भारतीय बाजूने. पुढे वाशीला सोय झाली, तेव्हा हा फेरा वाचला.

निरीक्षकाची अट किती कडक, ते कोविडमध्ये कळलं. तो येऊ शकला नाही, म्हणून २०२० आणि २०२१ चे हंगाम हुकले. मे २०२५ मध्ये तर विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचं सांगून पंधरा खेपा इथल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. नाशवंत माल परत नेणं परवडेना, म्हणून निर्यातदारांनी तो नष्ट करणं पत्करलं. नुकसानीचा अंदाज होता सुमारे ५ लाख डॉलर.

तेव्हा आंबा गोड आहे का, हे त्या नातेवाइकाला विचारू नका, तो असणारच. एक अख्खी खेप बुडाली, तर पुढच्या मोहोरापर्यंत फवारणीचे आणि राखणदाराचे पैसे कुठून देणार, ते विचारा. आणि साका? तो बाहेरून दिसत नाही, इथल्या गिऱ्हाइकाने फळ कापल्यावरच कळतो. त्याची भरपाई कोण देणार, हे आधी लेखी ठरलं आहे का? माझ्या मते त्याने पहिले दोन हंगाम मान्यताप्राप्त पॅकहाऊसशी जोडलेल्या निर्यातदारालाच माल द्यावा. शंभरातली किती फळं निवडीत बाद होतात, हे तिथे स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येतं.