तळटीप : ‘विजयदुर्गच्या खाडीत नांगर टाकला’

१. पुण्याकडच्या वाचकांसाठी खुलासा : कोकण किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. त्यामुळे रात्रीच्या मुक्कामात पाणी चढते-उतरते आणि खाडीतला प्रवाह उलटून होडी नांगराभोवती फिरते. म्हणून ओहोटीलाही तळ टेकणार नाही अशी जागा निवडतात, भरतीच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडतात व चहूबाजूंना मोकळे पाणी राखतात. पाण्याचा चढउतार अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाला, सर्वाधिक. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, सर्वांत कमी. मुंबईजवळ मोठ्या उधाणाला तो ४ मीटरांहून अधिक असतो. दक्षिणेकडे कमी होत जातो. लेखकाचा मुक्काम पौर्णिमेचा होता, हे ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा. – संपादक